खुंटीवरची टोपी

१

बारामतीत माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. अजूनही माणूस आत येतो, मला बघतो आणि विचारतो, "साहेब कुठं गेलेत?" साहेब नाहीत. कधीच नव्हते. दुकान माझं, स्क्रू-ड्रायव्हर माझा आणि गल्ल्यामागची खुर्चीही माझीच. माझं नाव विनया.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणारच, बाईमाणूस, घाबरली असेल. मी घाबरत नाही, मी चिडते. निरवांगीला जे झालं त्यातही मी सुरुवातीपासून चिडलेलीच होते, आणि आज लिहितानाही माझा राग उतरलेला नाही. फक्त तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही.

काम साधं होतं. निरवांगीजवळ नीरेच्या काठाला एका उपसा सिंचन संस्थेचं पंपहाऊस आहे. नदीचं पाणी आधी एका खोल विहिरीत येतं, तिला सगळे जॅकवेल म्हणतात. तिथून मोटर ते उचलते आणि वरच्या शिवारात, पार अंथुर्ण्याच्या बाजूच्या उसापर्यंत नेते. ही मोटर आता माणसाऐवजी संगणकानं चालू-बंद करायची, असं संस्थेनं ठरवलं. संस्थेनं म्हणजे सचिव रावजींनी. ते बसतात इंदापूरच्या कार्यालयात, पंख्याखाली, आणि तिथूनच त्यांना नीरेवरची मोटर चालवायची होती.

त्यासाठी संगणक दिला तो कार्यालयातून काढून टाकलेला. सुरू व्हायलाच त्याला इतका वेळ लागायचा, की मधल्या वेळात चहा होऊन गार व्हावा. मी म्हटलं, यावर लिनक्स टाकते. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आहे आणि जुन्या यंत्रावरही बिनतक्रार चालते.

"मालक नाही?" रावजी म्हणाले. "मग बिघडलं तर धरायचं कुणाला?"

"मला धरा," मी म्हटलं. जिभेला हाड नसतं माझ्या.

२

सोमवारी सकाळी नऊला मी पंपहाऊसवर पोचले. दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही. एका भिंतीला मोटरचा स्टार्टर, त्याच्या शेजारी एक लाकडी खुंटी आणि खुंटीवर पांढरी टोपी. मला बरोबर त्याच जागी माझी पेटी बसवायची होती. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. संगणकाकडून तारेनं हुकूम घ्यायचा आणि स्टार्टर दाबायचा, एवढंच तिचं काम. मी टोपी काढून टेबलावर ठेवली, खुंटी उपटली, ड्रिल काढलं आणि चार स्क्रू आवळले.

दहा मिनिटांनी मागच्या दारानं, जिथून विहिरीत पायऱ्या उतरतात तिथून, एक म्हातारा आत आला. नुसती चड्डी, अंगावरून पाणी निथळतंय. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. तो भिंतीकडे बघत होता.

"टोपी कुणी काढली?"

"मी. मध्ये येत होती."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला. मला वाटलं दमला असेल.

"ताई, मी खाली व्हतो. जाळीपाशी. पाइपाच्या तोंडाला गाळ बसतो, त्यो हातानं काढावा लागतो. मान निस्ती पान्याच्या वर व्हती माजी. टोपी खुंटीला हाय म्हंजी खाली मानूस हाय. मग हितं स्टार्टरला कुणी बोट लावत न्हाय. जो उतरला त्यानंच वर यायचं, आन् आपली टोपी आपल्या हातानं काढायची. दुसऱ्यानं न्हाय. कलेक्टर आला तरी न्हाय."

"मला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यास्नी ठावं हाय."

याच उत्तरानं माझं डोकं फिरतं. आमच्याकडे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि लिहून कुठंच काही ठेवलेलं नसतं. पण मोटर सुरू झाली असती तर पाइपानं त्या माणसाचा हात ओढून घेतला असता, आणि हाताबरोबर माणूसही. मी मुकाट्यानं खुंटी पेटीच्या शेजारी पुन्हा ठोकून दिली.

हे सोनबातात्या. वय अठ्ठावन्न, पंपहाऊसवरचे ऑपरेटर. पूर्वी इथं तिघं होते. संगणक येणार म्हटल्यावर दोघांना घरी बसवलं होतं.

"तात्या, आता मोटर संगणक चालू करणार," मी म्हटलं. "त्याला टोपी दिसत नाही. तुम्ही उतरताना मेन स्विच पाडत जा."

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मेन स्विचला लोखंडी जाळीचा दरवाजा केला होता आणि त्याला कुलूप होतं. "चावी इंदापुरात. आमी मेन पाडून झोपतो म्हनं."

मी जागच्या जागी रावजींना फोन लावला. ते म्हणाले, वेळापत्रक मी ठरवणार, माणसानं ते बघून उतरावं. मी विचारलं, त्यांना वेळापत्रक दिसतं कुठं? तेव्हा म्हणाले, "मी फोन करत जाईन ना मॅडम. माणसाला मारायला बसलोय का आम्ही?"

मी विश्वास ठेवला. पहिला राग मला त्याचाच येतो.

३

लिनक्स टाकणं अवघड नाही. पेनड्राइव्ह लावायचा, जुनी डिस्क पुसायची, विचारेल त्याला उत्तरं द्यायची. यंत्राला नाव काय द्यायचं असं त्यानं विचारलं, मी लिहिलं 'निरवांगी'. मग जोडणी. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो आणि तो दुसऱ्या कुणाचा असून चालत नाही. संगणकाला मी दहा नंबर दिला, पेटीला पन्नास, आणि भिंतीवर लावलेल्या छोट्या कॅमेऱ्याला साठ. तिन्ही नंबर कागदावर लिहून कागद स्टार्टरवर चिकटवला. निदान मी तरी लिहून ठेवते.

शेवटी हाक मारून बघायची. तशी एक आज्ञाच असते. संगणक पन्नास नंबरला विचारतो, आहेस का? पन्नास म्हणतं, आहे. किती वेळात उत्तर आलं तेही पडद्यावर दिसतं. दोन यंत्रं एकाच खोलीत असली तर सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. तसंच झालं. मोटर धडधडत सुरू झाली, पायाखालचा कोबा हलला आणि वरच्या पाइपात पाणी चढलं. रावजींना इंदापुरात बसून सगळं दिसत होतं आणि मला बारामतीतूनही यंत्रात शिरता येत होतं.

सोनबातात्या दारात उभे राहून संगणकाकडे बघत होते, नव्या सुनेकडे बघावं तसे.

"ह्याला चा लागत न्हाय, तंबाखू लागत न्हाय," ते म्हणाले. "बरंय."

४

तिसऱ्या दिवशी रावजींचा फोन. ठरल्या वेळेला मोटर सुरूच झाली नव्हती.

मी दुकानातूनच यंत्रात शिरून नोंद बघितली. हुकूम गेला होता. पन्नास नंबरनं 'मिळाला' असं उत्तरही दिलं होतं. मोटर मात्र ढिम्म. नंतर दोन दिवस सगळं सुरळीत, मग पुन्हा तेच. रावजी म्हणायला लागले, "मालक नसलेली वस्तू ही, ती अशीच वागणार." संचालक मंडळात म्हणे कुणीतरी विचारलं, बारामतीत दुसरं कुणी नव्हतं का, म्हणजे पुरुषमाणूस. हे रावजींनी मला मुद्दाम सांगितलं.

मी तारा बदलल्या, मधला जोड बदलला. आठवड्यात दोनदा निरवांगीला जाऊन सबंध प्रणाली पुसून नव्यानं टाकली. बिघाड गेला नाही. गेला नाही म्हणजे, मी समोर बसले की नसायचा आणि मी पाठ फिरवली की यायचा. वीस दिवसांत पाच वेळा.

मग एका शुक्रवारी मी दुपारचा डबा घेऊनच गेले आणि ठाण मांडून बसले.

त्या दिवशी नदीला गढूळ पाणी होतं. तात्यांनी टोपी खुंटीला लावली, शर्ट काढून खिळ्याला अडकवला आणि खाली उतरले. मोटरची वेळ नव्हती, तरी मी वेळापत्रक बंद करून ठेवलं होतं. मी आपली बसल्याबसल्या पन्नास नंबरला हाक मारत होते.

उत्तर यायला चार सेकंद लागले.

दोन हातांवर असलेल्या पेटीला चार सेकंद? पुन्हा मारली. चार. पुन्हा. चार. मी उठले आणि पेटीची तार ओढून काढली, म्हटलं आता तर गप्प बसशील. पडद्यावर उत्तरं येतच राहिली. चार सेकंद. चार सेकंद. आहे. आहे.

म्हणजे पेटी उत्तर देत नव्हतीच. माझ्याच जाळ्यात, माझ्या पेटीच्या नंबरावर दुसरं कुणीतरी बसलं होतं. असं होतं कधीकधी, एखाद्याचा मोबाइल असतो, जुना प्रिंटर असतो. मी वायफाय बंद केलं. उत्तरं येत राहिली. खोलीतली तार न् तार हातानं चाचपली. तीन यंत्रं, तीन तारा, त्यातली एक माझ्या हातात सुटलेली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो, त्यावरून ते कुणी बनवलं ते कळतं. याचा क्रमांक मी यादीत शोधला. असला क्रमांक जगात कुणीच कुठल्या यंत्राला दिलेला नव्हता.

विहिरीतून थेंब पडल्याचा आवाज येत होता. मी पडद्याकडे बघत होते आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की माझा श्वासही त्याच लयीत चाललाय. चार सेकंदाला एक. मी मुद्दाम खोकले आणि ती लय मोडली.

मग तात्या वर आले. अंग पुसलं, शर्ट घातला, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. त्याच क्षणी उत्तरं थांबली. मी घड्याळात बघून वेळ टिपून घेतली, दोन वाजून सतरा मिनिटं. टोपीकडे मी बघितलंही नाही.

"तात्या, इथं आणखी कुठलं यंत्र आहे? जुनं, गाडलेलं, काहीही?"

"न्हाय."

"कुणीतरी माझ्या पेटीच्या नंबरावर बसलंय. हुकूम स्वतः घेतं, मिळाला म्हणून सांगतं आणि मोटर सुरू होऊ देत नाही."

तात्यांनी पंचा पिळला. "कवा कवा करतं आसं?"

"त्याचा काही नेम नाही."

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. "मग कशापायी तरास देता त्याला? करतंय तर करू द्या की."

"अहो, करू द्या काय? चोरी आहे ती! आणि बोलणी मी खातेय." माझा आवाज चढला. "इथं पूर्वी काही झालं होतं का? अपघात वगैरे?"

"साठ वर्साची हीर हाय ताई," ते म्हणाले. "तुमी तुमचं काम करा."

५

मंगळवारी रावजींनी मला इंदापूरला बोलावून घेतलं. संस्थेचं कार्यालय हायवेजवळ आहे, ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजतात. दहा वाजता मी लॅपटॉप उघडून बसले.

"आजच्या आज मिटवा," रावजी म्हणाले. "अकराला मोटर सुरू झालीच पाहिजे. वर लोक बांधावर थांबलेत."

मला मिटवायचंच होतं. इंदापुरातून मी निरवांगीच्या यंत्रात शिरले आणि एका खिडकीत पन्नास नंबरला हाक लावून ठेवली. तो होताच. चार सेकंद, चार सेकंद. मग दुसऱ्या खिडकीत मी नियम लिहिला. माझ्या पेटीचा जो कारखान्याचा क्रमांक आहे, फक्त त्याच्याशीच बोलायचं. बाकी जो कुणी येईल त्याला दार बंद. दहा वीसला मी नियम लागू केला.

उत्तरं तुटली. मला इतकं बरं वाटलं, की मी मोठ्यानं म्हणाले, "जा आता मसणात."

दुसऱ्याच क्षणी माझी स्वतःची खिडकीही गोठली. रागाच्या भरात नियम लिहिताना मी 'बाकी सगळे' यात स्वतःलाही घातलं होतं. लांबच्या यंत्राचं दार लावताना आधी परतीची सोय करायची असते, दहा मिनिटांत मी काही बोलले नाही तर नियम आपोआप रद्द व्हावा, अशी. शिकायला येणाऱ्यांना मी यावरून फैलावर घेते. त्या दिवशी मी स्वतः ते केलं नाही. पण त्यात बिघडण्यासारखं काही वाटलं नाही. वेळापत्रक यंत्रातच होतं, मोटर अकराला आपसूक सुरू होणार होती. तोवर अहवाल लिहून टाकावा म्हटलं.

अहवालाला पुरावा हवा. प्रत्येक हुकुमाच्या वेळी, शिवाय दर पंधरा मिनिटांनी, कॅमेरा एक फोटो काढायचा, ते सगळे लॅपटॉपमध्ये होते. मोटर न चालल्याचे पाच फोटो मी शेजारी शेजारी लावले. खोली तीच, भिंत तीच, स्टार्टर तोच.

पाचही फोटोंत खुंटीवर टोपी होती.

मग मी मोटर चालल्याचे फोटो उघडले. तीसच्या वर होते. एकूण एक बघितले. खुंटी रिकामी.

सगळ्यात शेवटी आजचा फोटो उघडला, दार लावायच्या पाच मिनिटं आधी आलेला. टोपी खुंटीवर होती.

"रावजीसाहेब, अकराची वेळ सोनबातात्यांना सांगितली होती?"

"करणारच होतो फोन. वेळ कालच बदलली. सकाळपासून माणसं..."

"त्या पाच वेळा? तेव्हा सांगितलं होतं?"

ते आपल्या पडद्याकडे वळले. मी तात्यांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन शर्टात असणार, शर्ट खिळ्याला. रावजींनी आपल्या पडद्यावरून वेळापत्रक थांबवायला घेतलं, पण त्यांची वाटही माझ्याच दारातून जायची, आणि ते मी लावलं होतं. वीज कार्यालयाचा फोन कुणी उचलेना. निरवांगीत त्यांनी दोघांना लावला, एकाचा बंद, एकाला आवाज जाईना. पंपहाऊस गावापासून लांब आहे, तिथं वाटेनं जाणारंही कुणी नसतं.

"चावी द्या," मी म्हटलं. "मेनची."

त्यांनी ड्रॉवर उघडला. तेवढ्यातही म्हणाले, "सही करून न्या." मी चावी हिसकावली. दहा बत्तीस झाले होते.

६

स्कूटरवरून शक्य तितक्या जोरात गेले. रस्त्याचं मला काही आठवत नाही, एवढंच आठवतं की मी पूर्ण वेळ बडबडत होते. रावजींना शिव्या देत होते, कुलूप बनवणाऱ्याला देत होते. ज्यांना सगळं ठाऊक असतं आणि जे काही लिहून ठेवत नाहीत त्यांनाही दिल्या. मग माझ्या लक्षात आलं, की यातलं काहीच खरं नाही. तात्यांनी मला टोपीचं सांगितलं होतं. मला माहीत होतं. तो जो कुणी पन्नास नंबरावर बसला होता, तो वीस दिवस एकच काम करत होता, जे रावजींनी करायला हवं होतं आणि मी करायला हवं होतं. आणि मी त्याला हाकलून दिलं होतं.

अकराला मी अजून नदीच्या अलीकडे, उसाच्या फडांमधल्या रस्त्यावर होते. मोटर सुरू झाली की तिथपर्यंत ऐकू येते. मी स्कूटर बंद केली आणि कान देऊन उभी राहिले.

उसाची पानं वाजत होती. बाकी काही नाही. मला त्या शांततेचा अर्थ लावता येईना. मी परत स्कूटर सुरू केली.

७

पंपहाऊसचं दार उघडं होतं. मोटर बंद होती.

कोब्यावर ओली पावलं होती. मागच्या दारापासून स्टार्टरपर्यंत, अनवाणी, मोठी. बोटं सगळी स्टार्टरकडे. परत जाणारं पाऊल एकही नव्हतं. येताना पाय ओले असतात, जाताना वाळलेले असतात, असं मी मनाशी म्हटलं. म्हटलं आणि पुढं गेले.

पेटीची तार काढलेली होती. ओढून तोडलेली नव्हती. नीट काढून, वेटोळं करून पेटीवर ठेवली होती. मी उचलली तर टोक ओलं लागलं. पडद्यावर अकराची नोंद होती. हुकूम गेला, उत्तर नाही.

"तात्या!" मी विहिरीत ओरडले. "तात्या!"

"आलो, आलो. वरडता कशाला?"

ते एकेक पायरी चढत वर आले. मी त्यांचा हात धरला आणि रडले. सांगायला मला लाज वाटत नाही. त्यांना काहीच कळेना. त्यांनी आधी माझे पाय बघितले, चपला बघितल्या. कोरड्या होत्या.

"आत्ता पायऱ्यांवरनं तुमीच गेला न्हवं वर?"

"मी आत्ता येतेय, तात्या."

"मग कोन गेलं? मी जाळीला व्हतो. माज्या पाठीवर पानी ठिबकलं. म्या म्हनलं ताई उतरल्या आसतील, बघून माघारी गेल्या."

मी ओल्या पावलांकडे बोट केलं. त्यांनी ती निरखून बघितली. मग ते खुंटीपाशी गेले आणि नेहमीसारखी आपली टोपी काढली.

तिच्याखाली, त्याच खुंटीवर, आणखी एक टोपी होती.

पिवळी पडलेली, चोळामोळा झालेली. तिच्या टोकाशी थेंब जमत होता. तो पडला आणि दुसरा जमायला लागला.

"ही कुणाची?" मी विचारलं.

तात्यांनी हात पाठीमागं घेतले. "माजी न्हाय."

८

फोन वाजला. रावजी. मी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला, कारण डाव्या हातात ती तार होती आणि ती खाली ठेवायचं मला सुचलं नव्हतं.

"काय झालं? सोनबा?"

"वर आलेत. धडधाकट आहेत."

"सुटलो! मग करा मोटर चालू. संगणक राहू द्या, स्टार्टर हातानं दाबा. वर लोक बोंबलतायत."

एवढंच. तात्यांना फोन द्या नाही, चुकलो नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी किंचाळलेच. "टोपी खुंटीवर आहे! ऐकू येतंय का? टोपी खुंटीवर आहे, खाली माणूस आहे, आणि तो वर येऊन आपल्या हातानं टोपी काढेपर्यंत इथं कुणी स्टार्टरला बोट लावणार नाही. तुम्ही नाही आणि तुमचे संचालकही नाहीत!"

"कोण माणूस? सोनबा वर आलाय म्हणता ना?"

बोलता बोलता माझा उजवा हात कळफलकावर गेला होता. एकोणीस वर्षांची सवय. मी पन्नास नंबरला हाक मारली. पेटीची तार माझ्या हातात होती, माझा नियम जागेवर होता, उत्तर येण्याचं काही कारणच नव्हतं.

उत्तर आलं. मग दुसरं आलं, मग तिसरं, एकाखाली एक, भराभर. आहे. आहे. आहे. चार सेकंद नाहीत. सेकंदाचा हजारावा भागही नाही. दोन यंत्रं एकाच खोलीत असली की जेवढा वेळ लागतो, तेवढाच.

"मॅडम? कोण आहे खाली?"

"ताई," तात्या हळूच म्हणाले. "खाली न्हाय."

ते भिंतीकडे बघत होते. मीही बघितलं.

खुंटी रिकामी होती. खाली कोब्यावर हाताएवढी ओल होती.

जो उतरला त्यानंच वर यायचं, आणि आपली टोपी आपल्या हातानं काढायची. नियमाप्रमाणे आता मोटर सुरू करायला काहीच हरकत नव्हती. रावजीही फोनवर तेच सांगत होते. आम्ही दोघंही जागचे हललो नाही.